मोटर बसवा, पण इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या नकोत

तुमची पोस्ट वाचली. सांगलीहून जाऊन २७ फुटी जुनी शिडाची होडी घेतलीत, ती जयगडच्या खाडीत उभी आहे, डिझेल इंजिन जाम झालंय आणि आता ४८ व्होल्टची मोटर बसवून गोव्यापर्यंत मुक्काम करत जायचंय. इथवर सगळं छान. पण "इन्व्हर्टरच्या दुकानात ओळख आहे, चार ट्युब्युलर बॅटऱ्या स्वस्तात मिळतील" हे वाचलं आणि राहवलं नाही. नेमकं हेच मी केलं होतं.

मोटर आणि कंट्रोलरचा (मोटरला वीज मोजून देणाऱ्या पेटीचा) अभ्यास तुम्ही केलेला दिसतोय, त्यात शिरत नाही. साताऱ्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे मोटरची मलाही काळजी नव्हती. होडी २४ फुटी, दाभोळला. मागे अडकवायची ४ किलोवॉटची मोटर आणि १२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) चार ट्युब्युलर घेतल्या. कागदावर ७.२ युनिट. तापोळ्याला ओळखीच्या बोटवाल्याच्या होडीला मोटर लावून शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, चाचणी घेतली. सपाट पाणी, मोटर निम्म्यावर, चाळीस मिनिटं फिरलो तरी व्होल्टेज फारसं उतरलं नाही. खूश होऊन घाट उतरलो. कोयनेचं वीज करून सोडलेलं पाणी वाशिष्ठीतून दाभोळलाच समुद्राला मिळतं, पण शिवसागराला ओहोटी नसते.

पहिल्याच फेरीत संध्याकाळी परतताना खाडीच्या तोंडाशी ओहोटी आडवी आली. वारा पडलेला. मोटर पूर्ण ताकदीवर सोडली, मीटरवर ८५ अँपिअर. काठावरचा एक दिवा आणि त्यामागचा माड एका रेषेत धरून बसलो होतो. ती रेषा हलेचना. पंखा पाणी कापतोय आणि होडी जागच्या जागी. पाऊण तासाच्या आत व्होल्टेज ४२ वर आलं आणि कंट्रोलरने मोटर बंद केली. नांगर टाकला. लाटेवर होडी कलली तसं बॅटरीच्या बुचांतून ॲसिड तळाला उतरलं, घशाला झोंबणारा वास सुटला. मुलगा सोबत होता, तो काही बोलत नव्हता. शेवटी एका मच्छीमार भावाने दोर टाकून आत नेलं. पैसे घेतले नाहीत.

झालं काय, तर १५० एएच हा आकडा सी-२०चा असतो. म्हणजे २० तास, साडेसात अँपिअरने, घरातले दिवे-पंखे चालवले तर. ८५ ने ओढलं की तीच बॅटरी जेमतेम निम्मी देते, आणि टिकवायची असेल तर त्यातलीही निम्मीच वापरायची. दुकानदाराला मी दोनदा विचारलं होतं, "चालेल ना?" तो म्हणाला, "साहेब, अख्खं घर चालतंय." किती अँपिअरवर, हे मी विचारलंच नाही. त्या चार बॅटऱ्यांचं दोनशे किलोच्या वरचं वजन होडीत मी स्वतः चढवलं होतं.

लिथियम फॉस्फेटची बॅटरी घ्या. ५१.२ व्होल्ट, २०० एएच म्हणजे १० युनिट, त्यातली ८ धरा. तुमच्या मापाच्या होडीला शांत पाण्यात ४ नॉटला (ताशी ४ समुद्री मैलांना) दीड-दोन किलोवॉट लागावेत, म्हणजे चारेक तास, १६ समुद्री मैल. वेग वाढवला की ताकद घनाच्या पटीत लागते. ६ नॉटला तीच बॅटरी तास-सव्वा तासात संपेल. उलट एक लिटर डिझेल पंख्यापर्यंत अडीच-तीन युनिट पोचवतं. तुमची अख्खी महागडी बॅटरी म्हणजे तीन-चार लिटरचा डबा. ४०० वॉटचं सोलर दिवसाला दीड-पावणेदोन युनिट देईल. शिडावर चालताना पंखा फिरून चार्जिंग होतं म्हणतात, त्यावर भिस्त ठेवू नका.

माझं मत स्पष्ट आहे, पटलं तर घ्या, एकाच होडीच्या अनुभवावरचं आहे. खाडीतून बाहेर पडायला आणि आत यायला मोटर, बाकी सगळं शिडावर, अशी सफर करणार असाल तर जरूर बसवा. पहाटेचा मतलई वारा धरून निघायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायचं, खाडीत भरतीबरोबरच शिरायचं, आणि उधाणाच्या दिवसांत तर ओहोटीच्या तोंडी जायचंच नाही. सोमवारी कामावर हजर व्हायचंच असेल तर मात्र डिझेल दुरुस्त करा.

आणखी एक, घरातला एसीचा एमसीबी डीसीला लावू नका. डीसीची ठिणगी त्यात विझत नाही. आतून वितळलेला मी स्वतः उघडलाय. डीसीचा फ्यूज लावा, बॅटरीपासून वीतभर अंतरात.

कागदपत्रांचं सांगायलाच नको. होडीच्या नोंदीत बदल करायला एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. फॉर्मवर इंजिन नंबरचा रकाना, मोटरला तसा रकानाच नाही, आणि साहेब म्हणतात, जुनं इंजिन दाखवा. ते मी कधीच भंगारात दिलेलं. चौथ्या खेपेला जुन्या बिलावर कसंबसं भागलं. तुमचं इंजिन अजून होडीतच आहे, तर उद्याच त्याच्या नंबरच्या पट्टीचा फोटो काढा आणि पट्टी उचकटून घरी ठेवा.