वाचकांचे प्रश्न : जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल घेताना

प्रश्न : वाळपईहून पणजीला रोज कामावर जातो, अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगाव. यामाहाची आरएक्स 100, पाच गिअरची आरएक्स 135 आणि सुझुकी शोगन अशा तीन गाड्या पाहून ठेवल्यात. आरएक्स 100 वाला भलताच भाव सांगतो, शोगन स्वस्तात मिळतेय. कोणती घेऊ?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : रोज चालवायची तर आरएक्स 135. आरएक्स 100 चा भाव निम्मा तिच्या नावाचा आहे. 1985 ते 1996 मधली ही 98 सीसीची, 11 बीएचपीची, चार गिअरची गाडी गावात आणि वळणांवर अजूनही झकास पळते. पण लांब सरळ रस्त्यावर इंजिन सारखे ओरडत राहते. 135 चा स्ट्रोक (पिस्टनची धाव) तोच 50 मिलिमीटर, बोअर (सिलिंडरचा व्यास) मात्र 58, त्यामुळे खालच्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) ओढ जास्त, आणि पाचव्या गिअरमध्ये इंजिनला उसंत मिळते. शोगनही चपळ, यात वाद नाही. पण तिच्या सुट्या भागांसाठी जुना बाजार पालथा घालावा लागतो. दुसरी गाडी दारात असेल तरच तिच्या वाटेला जा.

अर्थात चांगल्या क्रँकची (पिस्टनच्या धावेने फिरणाऱ्या दांड्याची) शोगन खिळखिळ्या 135 पेक्षा केव्हाही बरी. म्हणून तिन्ही गाड्या नीट तपासा. इंजिन थंड असतानाच पोहोचा. मालकाने आधीच तापवून ठेवले असेल तर परत या. डावे मॅग्नेटचे (क्रँकच्या टोकावरच्या, वीज तयार करणाऱ्या चाकाचे) कव्हर काढायला लावा आणि मॅग्नेट हाताने वर-खाली हलवा. जराही खेळ जाणवला तर क्रँकला तोलणारे मेन बेअरिंग गेले, म्हणजे इंजिन पूर्ण उघडणे आले.

मग क्रँकची ऑइल सील. गाडी तापल्यावर रेस देऊन अ‍ॅक्सिलरेटर सोडा. आरपीएम लगेच न उतरता वरच रेंगाळला तर बहुधा मॅग्नेट बाजूच्या सीलमधून हवा शिरते आहे. मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो आणि एक दिवस जाम होतो. क्लच बाजूचे सील गेले असेल तर उलटे घडते : गिअर ऑइल क्रँककेसमध्ये (क्रँकच्या बंद कप्प्यात) ओढले जाऊन जळते, गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, आणि गिअर ऑइलची पातळी मात्र खाली जाते. विकणारा म्हणेल, ‘टू-स्ट्रोक आहे, धूर असणारच.’ ऐकू नका.

टू-टी ऑइलचा (टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर जळणाऱ्या ऑइलचा) पंप काढून टाकलेला असेल तर लिटरमागे 30 मिली ऑइल पेट्रोलमध्येच मिसळा. अंदाजाने ओतू नका, मापाची बाटली ठेवा. चोर्ला उतरताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून इंजिनवर गाडी रोखत राहिलात तर पेट्रोल फारसे जात नाही, म्हणजे ऑइलही फारसे जात नाही आणि पिस्टन कोरडा पडतो. अधूनमधून क्लच दाबून हलकी रेस द्या. पिस्टन बदलावा लागलाच तर बोअर 0.25 मिलिमीटरच्या पायरीने वाढतो, आधीच 1.00 मिलिमीटरने मोठा पिस्टन बसवलेला असेल तर पुढे वाव नाही, भाव पाडूनच मागा.

कागदांत कुचराई नको. 15 वर्षांनंतरच्या नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे ना, हे आरसी बुकात पाहा. ते पाच वर्षांसाठीच असते. चेसिस आणि इंजिन नंबर घासून वाचा, पुस्तकाशी ताडून पाहा. कर्नाटक किंवा महाराष्ट्राची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

प्रश्न : पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभीच असते. चतुर्थीला काढली की कार्बोरेटर तुंबलेला. काय करावे?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल दमट हवेतले पाणी ओढते. पाणी वाढले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि कॉकमधून (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीतून) आधी तेच कार्बोरेटरमध्ये उतरते. त्यातच तुमच्याकडची खारी हवा. गाडी ठेवताना कॉक बंद करून कार्बोरेटरचा बाऊल (खालची पेट्रोलची वाटी) रिकामा करा. टाकीतले पेट्रोल काढून दुसऱ्या गाडीत वापरा (ऑइल मिसळलेले असेल तर टू-स्ट्रोकमध्येच) आणि टाकी आतून सुकवून थोडे टू-टी ऑइल फिरवा. प्लग काढून चमचाभर ऑइल सिलिंडरमध्ये टाका, तीन-चार किक हळू मारा, प्लग परत लावा. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधा, आणि काढताना आठवणीने सोडा. पहिल्या स्टार्टला थोडा धूर येईल. तो या ऑइलचा, दहा मिनिटांत ओसरतो.