शोरूमवाले सांगतात ती सगळी कामं करायची का? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

सर्व्हिसिंगच्या बिलाबद्दल इतके प्रश्न आलेत की या वेळी फक्त तेच घेतोय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न (पुणे): माझी पेट्रोल स्विफ्ट ३०,००० किमीच्या सर्व्हिसला टाकली. ऑईल आणि फिल्टर सोडून इस्टिमेटमध्ये इंजिन फ्लश, डिकार्बनायझिंग, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी ट्रीटमेंट, अलाइनमेंट-बॅलन्सिंग असं सगळं घातलंय. बिल जवळजवळ दुप्पट झालं. नको म्हटलं तर ॲडव्हायजर म्हणतो, "पुढे इंजिनला काही झालं तर आम्हाला सांगू नका." गाडीला काहीही त्रास नाहीये.

तुमचं शेवटचं वाक्यच अर्धं उत्तर आहे बघा. गाडीला काही त्रास नाही.

ग्लोव्हबॉक्समधली पुस्तिका काढा, बहुतेकांची अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच असते. त्यात मेंटेनन्स शेड्यूलचा तक्ता सापडेल, एका बाजूला कामं आणि वर किमी आणि महिने. चौकोनांत इंग्रजी अक्षरं असतात, आय म्हणजे तपासा आणि आर म्हणजे बदला. आता जॉब कार्ड, म्हणजे शोरूमने करायच्या कामांची लिहिलेली यादी, शेजारी ठेवा आणि एकेक ओळ जुळवा. तक्त्यात 'बदला' लिहिलंय ते करायचंच, त्यात घासाघीस नको. तक्त्यात 'तपासा' आहे आणि बिलात 'बदललं' आलंय, तर जुना पार्ट दाखवा म्हणायचं. आणि जे तक्त्यात कुठेच नाही त्याबद्दल ॲडव्हायजरला एकच प्रश्न विचारायचा, "माझ्या गाडीत असं काय दिसलं म्हणून हे करायचंय?" उत्तर "सगळेच करतात" किंवा "करून घेतलेलं बरं" असं आलं तर ती ओळ खोडायला सांगा, आणि खोडल्यावरच जॉब कार्डवर सही करा.

आता तुमच्या यादीकडे येऊ. इंजिन फ्लश नको. ऑईल वेळेवर बदललेल्या इंजिनात धुवून काढण्यासारखा गाळ नसतोच. आणि ज्या जुन्या इंजिनात वर्षानुवर्षं ऑईल बदललेलं नाही तिथे फ्लशने सुटलेला गाळ ऑईलच्या जाळीत जाऊन अडकायची भीती असते, म्हणजे ज्याला गरज नाही त्याला फायदा नाही आणि ज्याला गरज वाटते त्याला धोका.

डिकार्बनायझिंग म्हणजे इंजिनात साचलेला कार्बनचा थर काढणं, त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त घाबरवतात ते यावरूनच. तुमच्या स्विफ्टच्या इंजिनात इंजेक्टर पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या मागे मारतो, त्यामुळे तो व्हॉल्व्ह रोजच पेट्रोलने धुतला जातो, तिथे थर साचायला फारसा वावच नाही. थर साचतो तो डायरेक्ट इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांत, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाचं टीएसआय, ह्युंदाई-किआचं टर्बो जीडीआय वगैरे, कारण तिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं आणि व्हॉल्व्हला लागतच नाही. त्या गाड्यांतसुद्धा पिकअप कमी झाला, थंड इंजिन थरथरतंय अशी लक्षणं दिसल्यावरच व्हॉल्व्ह साफ करायचे, ३०,००० ला सरसकट नाही. इंजेक्टर क्लीनिंगचंही तेच, ॲव्हरेज पडला नाही, मिसफायर नाही, मग कशाला? थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, साफ करणं हे खरं काम आहे, पण सिग्नलला उभं असताना आरपीएम वरखाली होत असेल किंवा गाडी बंद पडत असेल तर.

एसी ट्रीटमेंट म्हणजे बहुतेक वेळा आत सुगंधी जंतुनाशक मारतात. एसी लावल्यावर कुबट वास येत नसेल तर नको, आणि येत असेल तर आधी केबिन फिल्टर बघा. तो बऱ्याच गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो, स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही, काहीशे रुपयांत नवा येतो आणि घरी दहा मिनिटांत बसतो. अलाइनमेंट मात्र पैसे वाया घालवणं नाही. पुण्यातले खड्डे बघता १०,००० किमीला एकदा करावं, आणि स्टिअरिंग सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने जास्त झिजत असेल तर तेवढंही थांबू नका. फक्त ते शोरूमलाच करायला हवं असं नाही, चांगल्या टायरवाल्याकडे करा. बिलात लेबरवर १८ टक्के जीएसटी लागतो हेही लक्षात ठेवा, खोडलेली प्रत्येक ओळ करासकट वाचते.

एक गोष्ट ॲडव्हायजरच्या बाजूने. पुस्तिकेत 'कठीण परिस्थिती'साठी वेगळा तक्ता असतो, म्हणजे सतत धूळ, सतत ट्रॅफिक, दोन-तीन किमीच्या फेऱ्या, जास्त ओझं. आपल्यातले पुष्कळ लोक त्यात बसतात, आणि तो म्हणाला की तुमचा वापर बघता ऑईल आणि एअर फिल्टर लवकर बदलू, तर तो बरोबर सांगतोय. पण तो तक्ता मुदती कमी करतो, त्यात इंजिन फ्लश आणि डिकार्बनायझिंग येत नाहीत.

प्रश्न (सातारा): गाडी चार वर्षांची, फक्त २८,००० किमी झालीय. ब्रेक उत्तम लागतात. तरी ब्रेक फ्लुइड बदलायला सांगतायत. हाही पैसे काढायचाच प्रकार ना? महिन्यातून एकदा महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटाने पोलादपूरला जाणं असतं.

नाही हो. हे काम करा, आणि पुढच्या वेळी घाट उतरायच्या आधी करा. एवढ्या प्रश्नांत मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्याच प्रश्नाची वाटली, कारण चार गोष्टी फसव्या निघाल्या की माणूस पाचवी खरी गोष्टही नाकारतो, आणि इथे पाचवी गोष्ट ब्रेकची आहे.

ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेतं. गाडी चालो वा उभी राहो, रबरी नळ्यांतून आणि झाकणातून ओल आत जातच राहते, म्हणून त्याची मुदत किमीपेक्षा वर्षांवर ठरते आणि बहुतेक कंपन्या २ वर्षं सांगतात. तुम्ही दुप्पट वेळ काढलाय. पाणी मिसळल्याने होतं काय तर उकळबिंदू खाली येतो. डॉट ४ प्रकारचं फ्लुइड नवं असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये असं मानक आहे, आणि ओल धरलेल्या फ्लुइडसाठी तीच मर्यादा १५५ अंश आहे. गावात चालवताना हा फरक कळतच नाही, म्हणून तुम्हाला ब्रेक उत्तम वाटतायत. पण आंबेनळीसारखा उतार, गाडीत पाच माणसं आणि सामान, प्रत्येक वळणाला ब्रेक, अशा वेळी कॅलिपर (चाकापाशी ब्रेक पॅड दाबणारा भाग) तापतो, ती उष्णता फ्लुइडला लागते, फ्लुइड उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जाते. तुम्ही पेडल दाबता ते वाफ दाबण्यातच जातं आणि पेडल खालपर्यंत बसतं. एबीएसचा जो महागडा भाग असतो त्याच्या आत गंज चढायलाही हेच पाणी कारण होतं.

करून घेताना दोन गोष्टी बघा. नुसतं टाकीतलं काढून वरून नवं ओतलं तर ते बदलणं नव्हे, चारही चाकांपाशी फ्लुइड सोडायची छोटी निपल असते, तिच्यातून जुनं काढावं लागतं. आणि लेव्हल कमी झाली म्हणून कोणी नुसतं टॉप-अप करत असेल तर त्याला थांबवा. ब्रेक पॅड झिजले की लेव्हल आपोआप खाली येते, म्हणजे ती खूण आहे पॅड बघायची. पॅड ठीक असतील तर गळती कुठे आहे ते शोधायचं.

आणि उतारावर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, इंजिनला ब्रेक मारू द्या. न्यूट्रलमध्ये उतरवून पेट्रोल वाचवणारे अजून भेटतात, कृपा करून तसं करू नका. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असताना उतारावर इंधन बंदच करतात, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला थोडं लागतंच.

प्रश्न (नाशिक): मी निवृत्त आहे. गाडी वर्षाला जेमतेम ३,००० किमी चालते. दरवर्षी ऑईल बदलायला लावतात. पुस्तिकेत १०,००० किमी लिहिलंय, म्हणजे मला तीन वर्षं चालायला हवं ना?

काका, त्याच ओळीत पुढे "किंवा १ वर्ष, जे आधी येईल ते" असं असेल बघा. तुमच्यासाठी वर्ष आधी येतं. आणि कमी चालणाऱ्या गाडीचं ऑईल उलट लवकर बिघडतं. भाजी आणायला दोन किमी गेलात तर इंजिन पुरतं तापतच नाही, मग आत धरलेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल उडून न जाता ऑईलमध्येच राहतं. त्यामुळे वर्षाला एकदा ऑईल आणि ऑईल फिल्टर बदलाच, पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचं. पण प्लग, एअर फिल्टर, ब्रेक पॅड हे तुमच्या वापरात बराच काळ टिकतील, ते "चला बदलूनच टाकू" म्हणाले तर काढून दाखवायला सांगा. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग फेरी मारा, बॅटरीलाही बरं.

टायरची नक्षी तुमची नवीसारखी असेल, पण वय बघा. टायरच्या बाजूला इंग्रजीत डॉट (DOT) लिहिलेलं असतं त्याच्या शेवटी चार आकडे असतात, २३१८ असेल तर २०१८ सालातला २३ वा आठवडा. सहा-सात वर्षं झाली आणि बाजूला बारीक भेगा दिसायला लागल्या तर नक्षी कितीही असो, बदला.

प्रश्न (रत्नागिरी): नवीन गाडी घेतोय. डिलिव्हरीच्या आधीच अंडरबॉडी कोटिंग, पेंटवर सिरॅमिक कोटिंग आणि टायरमध्ये नायट्रोजन असं पॅकेज गळ्यात मारतायत.

तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. नायट्रोजन सोडून द्या, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यापेक्षा पंधरा दिवसांनी प्रेशर तपासत जा. सिरॅमिक हा हौसेचा भाग, गाडीच्या तब्येतीशी त्याचा संबंध नाही.

अंडरबॉडी कोटिंग पुण्या-नागपूरच्या माणसाला मी नको म्हणतो, कारण कारखान्यातूनच पत्र्याला गंजरोधक थर आणि सीलंट लागून येतं. पण तुमच्याकडे खारं वारं बारा महिने आणि पाऊस चार महिने, तिथे ते करायला कारण आहे. मात्र गाडी अगदी नवी आणि खालून कोरडी-स्वच्छ असतानाच करायचं. चिखलावर किंवा ओलीवर कोटिंग मारलं तर आत पाणी कोंडतं आणि पत्रा वरून काळाकुळकुळीत दिसत आतून कुजतो. दरवाज्यांच्या आणि सिल्सच्या (दरवाज्याखालच्या पट्ट्यांच्या) खाली पाणी जायची छोटी भोकं असतात ती बुजवलेली नाहीत ना, सायलेन्सरवर मारलेलं नाही ना, हे गाडी लिफ्टवर असताना स्वतः खाली जाऊन बघा. नंतर दरवर्षी "टच-अप" नको, पावसाळा संपला की खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या. आणि गाडी किनाऱ्यावर लाटांत उतरवू नका, ते मीठ कुठलंच कोटिंग थांबवत नाही.

प्रश्न (डोंबिवली): बीएस-६ डिझेल एसयूव्ही आहे. ऑफिस ४ किमीवर. डीपीएफचा दिवा सारखा लागतो, आणि दर वेळी डीपीएफ क्लीनिंगचं पॅकेज सांगतात.

डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. पुरेसा तापला की तो ती काजळी स्वतःच जाळतो, पण ४ किमीच्या ट्रॅफिकमध्ये तो तापतच नाही. दिवा नुसता लागलेला असेल तर भिवंडी ओलांडून नाशिक हायवेला पडघ्याच्या पुढेपर्यंत २०-२५ मिनिटं सलग ६०च्या वर चालवा, एक गिअर खाली ठेवून आरपीएम २,००० च्या आसपास राहू दे, आणि दिवा विझेपर्यंत इंजिन बंद करू नका. दिवा लुकलुकायला लागला, इंजिनचा दिवाही आला, गाडीची ताकद कमी झाली, तर मग हायवेचा नाद सोडा आणि शोरूमला जा, तिथे स्कॅनर लावून ती काजळी जाळणं हे तेव्हा खरंच गरजेचं काम आहे.

ऑईलची डिपस्टिक मात्र आजच बघा. जाळण्याचं काम अर्धवट राहत गेलं की त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि लेव्हल वाढते. कमाल खुणेच्या वर असेल तर मुदत झाली नसली तरी ऑईल बदला, डीपीएफसाठीचं कमी राखेचं, पुस्तिकेत लिहिलेलंच. आणि रोजचा वापर हाच राहणार असेल तर पुढची गाडी डिझेल घेऊ नका, हे मनापासून सांगतो.

प्रश्न (कोल्हापूर): हे जादाचं काही नाकारलं तर वॉरंटी जाते का? आणि बाहेर सर्व्हिस केली तर?

शेड्यूलमध्ये नसलेलं काम नाकारल्याने वॉरंटी जात नाही. कोणी तसं म्हणालं तर "हे जॉब कार्डवर लिहून द्या" एवढंच म्हणा. तरीही अडवलं तर कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी कळवा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

बाहेरच्या गॅरेजबद्दल, ऑगस्ट २०१४ मध्ये कॉम्पिटिशन कमिशनने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला होता, त्या आदेशात म्हटलं होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. कायद्याचं ते चालू दे, पण तुम्हाला क्लेमच्या वेळी वाद नको असेल तर वॉरंटी संपेपर्यंत शेड्यूलची सर्व्हिस शोरूमलाच करा आणि बिलं जपा. वॉरंटी संपली की ओळखीचा, हात चांगला असलेला मेकॅनिक केव्हाही चांगला.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): सेकंडहँड डिझेल डस्टर घेतली, ९०,००० झालेत. टायमिंग बेल्ट बदला म्हणतायत, खर्च मोठा आहे. मित्राच्या डिझेल स्विफ्टला कधीच बदलावा लागला नाही.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवायला मित्राच्या १.३ डिझेल इंजिनला चेन आहे, तुमच्या १.५ डिझेलला बेल्ट. बेल्ट तुटला तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आपटतात आणि मग इंजिन उघडण्याशिवाय मार्ग नाही. आधीच्या मालकाने बदलल्याचं बिल हातात नसेल तर बदललाच नाही असं धरा आणि लगेच बदला. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि वॉटर पंपही त्याच वेळी करा, नंतर तेवढ्यासाठी सगळं परत उघडायचं लेबर द्यावं लागेल.

प्रश्न (पिंपरी): सीएनजी सिलिंडरची हायड्रोटेस्ट खरंच लागते का?

हो, सिलिंडरची पाण्याच्या दाबाने होणारी ही चाचणी दर ३ वर्षांनी लागते, कायद्यानेच. सिलिंडरवरची आणि प्लेटवरची तारीख बघा, उलटून गेली असेल तर पंपावर गॅस भरून देणार नाहीत आणि देऊही नये. टेस्ट सरकारमान्य केंद्रातच करा आणि सर्टिफिकेट गाडीत ठेवा.