दाढेसाठी मुलीची एफडी मोडायची का?

प्रश्न : वय 51, यवतमाळ जिल्हा, सहा एकर कोरडवाहू. वरच्या उजव्या बाजूच्या दोन दाढा काढून चार वर्षं झाली. नागपूरचे डॉक्टर बाजूनं हाडाला खिडकी पाडून सायनस लिफ्ट आणि दोन इम्प्लांटचे (हाडात बसवायचे कृत्रिम दाताचे स्क्रू) 1,60,000 सांगतात. वर्ध्याचे म्हणतात, खालूनच लिफ्ट करतो, 95,000. मुलीच्या नर्सिंगसाठी ठेवलेली दीड लाखाची एफडी मोडू, की पीककर्जातून भागवू?

भाऊ, दोन्ही नको. पण स्वस्त पडतं म्हणून लगेच वर्धाही गाठू नका. सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) रिपोर्टचा फोटो पाठवलात ते बरं झालं. पुढच्या दाढेच्या जागी हाड 6 मिलिमीटर, मागच्या जागी 3. सगळा हिशोब इथंच आहे.

वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची, म्हणजे नाकाला जोडलेली हवेची पोकळी असते. दाढ गेली की हाड झिजतं आणि पोकळी खाली उतरते. मग इम्प्लांटला जागा करायला तिचं पातळ अस्तर उचलून खाली हाडाची पावडर भरतात. (ती बऱ्याचदा गाईच्या हाडापासून केलेली असते. घरात चालणार नसेल तर आधीच विचारा.) साधारण 5-6 मिलिमीटर हाड शिल्लक असेल तर इम्प्लांटच्याच भोकातून अस्तर उचलता येतं आणि इम्प्लांटही बहुतेक वेळा त्याच दिवशी बसतो. दंतवैद्य समर्स यांनी 1994 मध्ये मांडलेली ही पद्धत. यात तीन-चार मिलिमीटरच उंची वाढते आणि अस्तर फाटलं तर डोळ्यांना दिसत नाही. हाड 4 च्या खाली असेल तर सहसा खिडकी पाडतात. पावडर जास्त, सूज जास्त, आणि बरेचदा 6 ते 9 महिने थांबून मग इम्प्लांट.

म्हणजे हे एकाच मालाचे दोन भाव नाहीत. एक डॉक्टर 6 मिलिमीटरलाही खिडकी पाडतायत, दुसरे 3 मिलिमीटरमध्येही खालूनच शिरतायत. मी दातांचा डॉक्टर नाही, पण दोघांनाही एक विचारा : फक्त पुढची दाढ खालून बसवली आणि मागची सोडून दिली तर? चावण्याचं बरंचसं काम पुढचीच करते. मागच्या जागेसमोरची खालची दाढ वर सरकेल का, तेवढं तपासून घ्या.

एका दाढेचे 50,000 धरू. 31 मार्चच्या आत पीककर्ज भरा, नाहीतर व्याजाची सवलत जाईल. ऑपरेशन एप्रिलमध्ये करा. नंतर दोनेक आठवडे जोरात नाक शिंकरायचं नाही, ओझं उचलायचं नाही. पेरणीत ते जमणार नाही. निम्मे पैसे तेव्हा, घरात ठेवलेला कापूस विकून. इम्प्लांटवर बसवायच्या कॅपचे निम्मे नोव्हेंबरात, नवा कापूस आला की. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका, अपघात सोडला तर दातांचा खर्च सहसा मिळत नाही.

राहिला खर्रा. ‘कमी केलाय’ लिहिलंत, पण रोजचे 40 रुपये म्हणजे वर्षाचे 14,600 अजून चालूच आहेत. तंबाखूनं जखम नीट भरत नाही. एप्रिलपर्यंत पूर्ण सुटला नाही तर इम्प्लांटचा नाद सोडा आणि काढता-घालता येणारी कवळी करून घ्या.

आणि पैसे देण्याआधी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात एक चक्कर मारा. सीबीसीटीची सीडी सोबत न्या, नाहीतर तोच स्कॅन पुन्हा काढावा लागेल.