'चिपकणे', 'चिकटणे' आणि जिवाणूचं बाह्यपटल

दारव्हा तालुक्यातल्या एका अकरावीच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. जीवशास्त्राच्या वहीत तिने लिहिलं, 'ई. कोलाय जिवाणूचं बाह्यपटल पेशीभित्तिकेला चिपकलेलं असतं.' सरांनी 'चिपकलेलं' खोडून 'चिकटलेलं' केलं. घरीदारी सगळे चिपकणेच म्हणतात, मग ते चूक कसं?

चूक मुळीच नाही. 'हाताले डिंक चिपकला' हे वऱ्हाडातलं रोजचं, अस्सल बोलणं आहे. आणि मावा पडून कपाशीची पानं चिकचिक करू लागली की तीच माणसं 'चिकटा आला' म्हणतात. दोन्ही शब्द एकाच तोंडी सुखाने नांदतात. वहीत प्रमाण रूप असावं ही सरांची अपेक्षा रास्त आहे, पण त्यामुळे बोलीतलं रूप अशुद्ध ठरत नाही.

मला खटकतं ते दुसरंच. या वाक्याला दोन्ही क्रियापदं अपुरी आहेत. चिकटण्यात एक पृष्ठभाग दुसऱ्यावर बसतो. इथे तर बाह्यपटल (पेशीचा सर्वांत बाहेरचा मेदयुक्त पापुद्रा) आणि त्याच्या आतली पेप्टिडोग्लायकनची, म्हणजे साखर व अमिनो आम्लांच्या जाळीची, पातळ भित्तिका यांच्यात फट असते आणि ती फट राखली जाते. ते काम करणारं प्रथिन १९६९ मध्ये जर्मनीत फोल्कमार ब्राउन यांनी दाखवून दिलं, म्हणून त्याला ब्राउनचं लिपोप्रोटीन म्हणतात. ते जेमतेम ५८ अमिनो आम्लांचं, पण एका पेशीत त्याचे सुमारे १० लाख रेणू असतात. त्याच्या एका टोकाला मेदाम्लांच्या तीन शेपट्या असतात, त्या बाह्यपटलात रुतलेल्या. दुसऱ्या टोकाला लायसिन असतं. साधारण एकतृतीयांश रेणूंमध्ये हे लायसिन भित्तिकेशी पक्क्या रासायनिक बंधाने जोडलेलं असतं. गोधडीचे थर जागोजागच्या टाक्यांनी एकत्र राहतात, खळ लावून नव्हे, तसंच हे. प्रयोगशाळेत या प्रथिनाची लांबी वाढवली तर भित्तिकेच्या आतल्या बाजूचं पटल आणि हे बाह्यपटल यांतलं अंतरही वाढतं. प्रथिनच काढून टाकलं तर पेशी लगेच मरत नाही, पण बाह्यपटलाला फुगे येतात आणि आतली प्रथिनं बाहेर गळू लागतात. म्हणून इथे मी 'टाके घातलेले' म्हणेन.

पण सगळी पकड टाक्यांचीच नाही. ओएमपीए (OmpA) आणि पाल (Pal) ही बाह्यपटलातली प्रथिनं भित्तिकेला नुसती धरून असतात, पक्का बंध न करता. त्यांना 'धरणे' पुरे.

बाह्यपटलाच्या बाहेरच्या अंगाचं प्रकरण आणखी निराळं. तिथल्या लिपोपॉलिसॅकराइडच्या (मेद आणि साखर जोडून झालेल्या) रेणूंवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. मधे मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे आयन बसतात आणि त्यांना सांधतात. कृषी केंद्रातल्या चिलेटेड झिंकच्या पुड्यावर जे 'ईडीटीए' लिहिलेलं असतं, तेच रसायन प्रयोगशाळेत जिवाणूवर घातलं की हे आयन ओढून घेतं. मग सांधे सुटतात आणि पटल झिरपू लागतं. कोलिस्टिन हे प्रतिजैविकही त्याच आयनांची जागा बळकावतं. इथे 'सांधणे' चपखल बसतं.

एक पथ्य मात्र पाळावं. हे वाक्य 'ई. कोलाय'पुरतंच ठेवावं, 'सर्व ग्रॅम-ऋण जिवाणू' (असं बाह्यपटल असलेल्या, ग्रॅमचा जांभळा रंग न धरणाऱ्या जिवाणूंचा मोठा गट) असं लिहू नये. पेरणीआधी सोयाबीनच्या बियाण्याला चोळतात त्या रायझोबियम कल्चरमधले जिवाणूही ग्रॅम-ऋणच, पण त्यांच्या वर्गात ब्राउनचं लिपोप्रोटीन नसतं.

पेशीच्या या सगळ्या थरांना मिळून 'आवरण' म्हणावं की 'वेष्टन', असंही तिने जाता जाता विचारलं आहे. आवरण लिहावं. वेष्टन काढून ठेवता येतं.

वहीत वाक्य असं करावं: 'ई. कोलायचे बाह्यपटल ब्राउनच्या लिपोप्रोटीनने पेशीभित्तिकेशी जागोजागी जोडलेले असते, आणि त्याच्या बाहेरच्या थरातले रेणू मॅग्नेशियम व कॅल्शियमच्या आयनांनी सांधलेले असतात.' तोंडी परीक्षेत 'चिपकलेलं नसते, टाके घातलेले असतात' असं वऱ्हाडीत सांगितलं, तरी विज्ञान तेच राहतं.