‘तो काही करत नाही’ हे उत्तर का पुरत नाही

“मुलाला कुत्र्याची फार भीती वाटते, काय करू?” हा प्रश्न पुण्यात समुपदेशन करणाऱ्या कोणालाही नवा नाही, परंतु गेल्या काही वर्षांत त्याचे रूप बदलले आहे. पूर्वी तो मुलापुरता असे. आता त्याच्यासोबत सोसायटीतील भांडणे येतात, व्हॉट्सॲपच्या गटावरील बोचरे संदेश येतात आणि कधी कधी गोष्ट ‘घरच बदलावे का’ इथवर पोहोचते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली आणि परिसरातील भटक्या कुत्र्यांविषयी ११ तारखेला एक आदेश दिला आणि २२ तारखेला त्यात बदल केला, तेव्हा तो वाद इथल्या पार्किंगमध्येही रंगला आणि शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. त्याच सुमारास माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाची हकिकत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, इथे सांगते. कारण हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या बहुतेकांना जे सांगावे लागते, ते सगळे तिच्यात आले आहे.

मुलगा आठ वर्षांचा होता आणि चौथ्या मजल्यावर राहत होता. सहाव्या मजल्यावरच्या, बँकेतून सेवानिवृत्त झालेल्या काकांचा लॅब्रॅडोर ब्रूनो एके दिवशी साखळीविना लिफ्टमधून बाहेर आला, मुलगा किंचाळत पळाला, ब्रूनो त्याच्यामागे धावला आणि मुलगा जिन्यात पडून त्याचा गुडघा फुटला. कुत्रा चावला नव्हता. काका मागून सावकाश आले आणि म्हणाले, “अरे, पळतोस कशाला? तो काही करत नाही.” त्या दिवसापासून मुलाने खाली खेळायला जाणे सोडले. आई आधी बाल्कनीतून खाली नजर टाकायची, मग जिन्यातून त्याला घेऊन जायची, आणि पार्किंगमध्ये भटकी कुत्री बसलेली दिसली तर दोघे परत वर यायचे. या खटाटोपात शाळेची बस वारंवार चुकत होती.

पहिल्या भेटीत आईच अधिक बोलल्या.

“मला एवढंच हवंय, की पुन्हा असं होऊ नये.”

“होऊ नये, की होताच कामा नये?”

“होताच कामा नये. तशी कोणीतरी खात्री द्यावी, मग आम्ही खाली जाऊ.”

“अशी खात्री कोण देऊ शकेल?”

त्यांनी बराच विचार केला. “कोणीच नाही,” त्या म्हणाल्या.

“मग खाली कधी जाणार?”

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आणि मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती ही माझी बैठक आहे, हे या प्रश्नांवरून जाणकारांच्या ध्यानात आले असेल. आपले मूल सुरक्षित असावे ही आईची इच्छा अगदी रास्त होती. तिला खिळवून ठेवले होते ते त्या इच्छेचे हट्टात झालेले रूपांतर. संपूर्ण खात्री मिळेपर्यंत पाऊल उचलायचे नाही असे ठरवले की पाऊल उचललेच जात नाही, आणि कुत्र्यापासून दूर राहून मिळालेली प्रत्येक सुटका ‘दूर राहिलो म्हणून वाचलो’ असे मनाला शिकवत राहते. भीती अशा रीतीने घटनेपेक्षा टाळण्यावर अधिक पोसली जाते.

पुढे कळले की या भीतीला मागची एक पिढी होती. आईंच्या लहानपणी त्यांच्या थोरल्या भावाला कुत्रा चावला होता आणि त्याला पोटात द्यावी लागलेली इंजेक्शने, त्या वेळचे त्याचे ओरडणे, हे सारे त्यांच्या मनात जसेच्या तसे होते. पोटातील चौदा इंजेक्शनांची ही दहशत आजच्या पालकांपैकी अनेकांच्या घरात आहे, म्हणून सांगून टाकते की ती जुनी लस आपल्याकडे २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात चार किंवा पाच वेळा लस दिली जाते आणि जखमेतून रक्त आले असेल तर जखमेच्या ठिकाणी आणखी एक औषध टोचतात. रेबीज एकदा प्रकट झाला की जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, त्यामुळे धास्ती वाटणे मूर्खपणाचे नाही. मात्र त्या धास्तीने करायचे काम ठरलेले आहे: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, तिच्यावर हळद, चुना किंवा तिखट काहीही लावायचे नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लसीचे सगळे डोस पूर्ण करायचे. हे लिहून घेतल्यावर आईंचा चेहरा थोडा सैल झाला. अनिष्ट घडले तर काय करायचे हे ज्याला ठाऊक असते, त्याला ते घडणारच नाही अशी खात्री मागावी लागत नाही.

मुलाशी मी वेगळी बोलले. त्याला कुत्र्यांची चित्रे दाखवली, तो निवांत होता. मग मी विचारले, “कुत्रा जवळ आलाय, हे तुला आधी कसं कळतं?” त्याने उत्तर दिले, “आई हात जोरात धरते, तेव्हा.”

हे उत्तर मी आईंना सांगितले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मी त्यांना म्हटले, यात दोष शोधू नका, सोय शोधा. तुमच्या हातातून भीती त्याच्यापर्यंत पोहोचते, तर त्याच हातातून धीरही पोहोचेल. पुढचे काही दिवस मुलासाठी आम्ही काहीच केले नाही. आईंनी एकट्याने खाली जाऊन, बाकावर बसून, लांबून कुत्री पाहायची एवढेच ठरवले.

नंतर मुलाची पाळी आली. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये, सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या चिमुरड्याला आवडीचा खाऊ खात असताना ससा आधी दूर ठेवून आणि मग हळूहळू जवळ आणून भीतीमुक्त केले होते. शंभर वर्षे झाली तरी याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. आधी बाल्कनीतून पाहायचे, मग फाटकापाशी उभे राहून, मग बागेच्या दुसऱ्या टोकाला साखळीने धरलेला कुत्रा असताना या टोकाला चेंडू खेळायचा, मग त्याच दिशेने समांतर चालायचे. पुढची पायरी केव्हा, हे मुलाने ठरवायचे. “एकदा हात लावून बघ, भीती जाईल” असे म्हणून मुलाला पुढे ढकलणारे मामा आणि काका प्रत्येक कुटुंबात असतात; त्यांना प्रेमाने पण ठामपणे थांबवावे, कारण एका जबरदस्तीने कित्येक आठवड्यांची कमाई जाते. शिवाय मुलाला कुत्रा आवडला पाहिजे असे कुठे आहे? त्याला निर्धास्तपणे जिना उतरता यावा, एवढेच आपले उद्दिष्ट.

पण या पायऱ्यांना साखळीने धरलेला कुत्रा लागतो, आणि तो काकांच्या हाती होता. आईंच्या संमतीने मी त्यांना भेटायला बोलावले. ते आले ते ताठ मानेने. पत्नीच्या निधनानंतर ब्रूनोमुळेच आपण घराबाहेर पडतो, लोक त्याला पाहून बाजूला झाले की आपल्यालाच झिडकारल्यासारखे वाटते, आणि हल्ली माणसांत माणुसकी उरलेली नाही, असे सगळे त्यांनी एका दमात सांगितले. मग म्हणाले, “मॅडम, तो काही करत नाही. हवं तर मी लिहून देतो.”

मी विचारले, “बँकेत तुम्ही कोणत्या विभागात होतात?”

“शेवटची बरीच वर्षं कर्ज विभागात.”

“एखादा सज्जन दिसणारा माणूस आला आणि म्हणाला, ‘मी पैसे बुडवणार नाही, लिहून देतो’, तर तेवढ्यावर कर्ज दिलं असतं?”

“छे! तारण मागितलं असतं.”

“म्हणजे तो लबाड आहे असं तुम्हाला वाटलं असतं?”

“तसं कसं? माणूस चांगलाच असेल. पण मी त्याला ओळखत नाही ना…” काका बोलता बोलता थांबले. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच वाक्य पूर्ण केले, “तो पोरगाही ब्रूनोला ओळखत नाही. म्हणजे साखळी हे तारण झालं.”

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण थोडे येतात, म्हणून त्याच्यापाशी जरा रेंगाळते. मी दोन तास ‘जबाबदार पालकत्व’ यावर बोलले असते तर काकांनी ते ऐकून घेतले असते आणि ब्रूनो दुसऱ्या दिवशी पुन्हा मोकळाच फिरला असता. त्यांना कुत्र्याची बदनामी नको होती. साखळी बांधणे म्हणजे ब्रूनो वाईट आहे अशी कबुली देणे, असे त्यांनी मनाशी धरले होते. तो अर्थ गळून पडल्यावर विरोध करण्यासारखे काही उरले नाही. आणि मलाही त्या दिवशी स्पष्ट दिसले की आई आणि काका एकाच चुकीच्या वस्तूचा व्यवहार करत होते. त्या हमी मागत होत्या, ते हमी देत होते. आणि प्राण्याच्या वागण्याची हमी कोणाच्याच खिशात नसते. देता येते ती व्यवस्था, आणि तिला कुत्रा गरीब असण्याची वा मूल धीट असण्याची वाट पाहावी लागत नाही.

पुढच्या भेटीत दोघांना समोरासमोर बसवले तेव्हा बोलणी व्यवस्थेचीच झाली. ब्रूनो दारातून बाहेर पडतानाच आखूड साखळीवर असेल, पहाटे रस्ता मोकळा असला तरीही. लिफ्टपाशी मूल असेल तर काका “तुम्ही आधी जा” म्हणून थांबतील. त्यांची फिरण्याची वेळ आईंना माहीत असेल. मुलाने आपण होऊन विचारल्याशिवाय ब्रूनोला त्याच्याजवळ आणायचे नाही. आईंनी आपल्या बाजूने कबूल केले की गटावर लिहिण्याआधी त्या काकांना फोन करतील, आणि कुत्र्याला सोसायटीतून काढण्याची भाषा सोडतील. ती भाषा टिकणारीही नव्हती: कुत्रा पाळायला किंवा त्याला लिफ्टमधून न्यायला सोसायटीने बहुमताने बंदी घालू नये, असे ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे.

परंतु कुत्रा पाळणाऱ्यांनी या सूचनांचा अर्धाच भाग पाठ करू नये. महापालिकेचा परवाना घेणे, पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस देणे आणि पुढे ती वेळेवर देत राहणे, विष्ठा स्वतः उचलणे, या गोष्टी उपकार म्हणून करायच्या नसतात. तीस किलोचा लॅब्रॅडोर दहा वर्षांच्या मुलीच्या किंवा त्याच्या ताकदीचा अंदाज नसलेल्या नोकराच्या हाती देणे हा निष्काळजीपणाच आहे. प्राण्यापासून इतरांना धोका होऊ नये याची पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे ‘तो काही करत नाही’ म्हणणाऱ्या कितीजणांना माहीत असते? आपला कुत्रा अस्वस्थ झाला आहे हे ओळखणेही मालकाचेच काम आहे. शेपूट हलते म्हणजे तो खूश आहे असे नव्हे. अंग ताठ होणे, वारंवार जांभई देणे, ओठ चाटणे, मान वळवून डोळ्यांच्या कडेने पाहणे, यांपैकी काही दिसले की गर्दीतून बाजूला व्हावे.

मुलांना शिकवायचे ते थोडके आहे. कुत्रा जवळ आला तर पळू नये, ओरडू नये, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. हात अंगालगत ठेवून जागच्या जागी उभे राहावे, बहुधा तो हुंगून निघून जातो. पडलोच तर अंग गोळा करून मान आणि कान हातांनी झाकावेत. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावू नये, आणि पाळीव कुत्र्यालाही मालकाला विचारल्याशिवाय लावू नये. ब्रूनो त्या दिवशी मुलामागे का धावला, याचे उत्तर यातच आहे.

राहिला प्रश्न पार्किंगमधल्या भटक्या कुत्र्यांचा. सोसायटीतील एक ताई त्यांना रोज जिन्याच्या तोंडाशीच खायला घालत, आणि म्हणून ती तिथेच ठाण मांडून बसत. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांत खायला घालण्याची जागा लहान मुले खेळतात तिथून, जिन्यापासून आणि फाटकापासून दूर असावी, आणि मुले व वृद्ध यांची वर्दळ नसेल अशी वेळ निवडावी, असे म्हटले आहे. काकांनीच ताईंशी बोलून ती जागा मागच्या भिंतीपाशी नेली. त्या कुत्र्यांपैकी तिघांच्या कानाला खाच होती, म्हणजे त्यांची नसबंदी झालेली होती. चौथ्यासाठी कमिटीने महापालिकेला कळवले. आईंनी हे काम अंगावर घेतले, याचे मला विशेष वाटले.

काही आठवड्यांनी मुलगा खाली खेळू लागला. ब्रूनोला त्याने अजून हात लावलेला नाही आणि लावावा अशी कोणाची अपेक्षाही नाही. दुसऱ्या विंगमधील एक तरुण जोडपे आपला कुत्रा अजूनही मोकळा सोडते, त्यावरून कमिटीत वाद चालू आहे, आणि त्यांच्याशी बोलायला काका दोनदा जाऊन आले आहेत.

अशा प्रत्येक भीतीसाठी समुपदेशकाकडे यावे लागते असे नाही. पायऱ्यापायऱ्यांनी जाण्याचा मार्ग बहुतेक पालकांना घरच्या घरी जमतो. मात्र भीती सहा महिन्यांहून अधिक टिकली, शाळा किंवा खेळणे बंद पडले, किंवा कुत्रा दिसण्याच्या नुसत्या कल्पनेने मूल रडू लागले, तर मदत घ्यावी. आणि ज्या कुत्र्याने खरोखर कोणाला चावले आहे, त्याच्याबाबतीत मुलाची भीती घालवायला माझ्याकडे आधी येऊ नये; आधी दवाखाना, मग लेखी तक्रार आणि मालकाने पशुवैद्यकाकडून कुत्र्याची तपासणी करून घेणे, असा क्रम ठेवावा. त्या मुलाची भीती तोवर बरोबर आहे.