हात थरथरले तरी गाणं चालू ठेवायचं

"घरी एकदम मस्त वाजवतो, पण चार माणसं समोर बसली की हात थरथरतात आणि पुढचं काही आठवतच नाही, काय करू?" हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. कॉलेजची पोरं विचारतात, त्यांचे आईबाप विचारतात, एकदा तर बँकेतले एक साहेब आलेले, पन्नाशीत गिटार शिकलेले आणि मुलीच्या संगीतला वाजवायचं म्हणून आठवडाभर झोप उडालेली. तर नुसते सल्ले देण्यापेक्षा एक केसच सांगते. नाव-कॉलेज सांगणार नाही, थोडे तपशील बदललेत, आणि लिहू का म्हणून त्याला विचारलंय.

पोरगा इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरचा, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. आई घेऊन आलेली. गॅदरिंगला स्टेजवर गेला, सुरुवात बरी झाली आणि मग आली एफ कॉर्ड. गिटार धरलेल्यांना माहितीये, पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायचं असतं, नवख्याचा तिथंच घाम निघतो. याची बोटं गार पडलेली, तळवे ओले, कॉर्ड धड लागली नाही, नुसता खटखट आवाज आला, त्या नादात गाण्याचे शब्दही गेले, मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि हा सॉरी सॉरी म्हणत खाली उतरला. तेव्हापासून गिटार कव्हरमध्ये, कपाटावर. आई म्हणाली, "मॅडम, रात्र रात्र वाजवत बसायचा ओ, आता हात लावंना झालाय, तुम्हीच समजवा."

समजवण्यासारखं काही नव्हतं खरंतर. मी त्याला विचारलं, काय वाटतं ते राहू दे, स्टेजवर तू नक्की काय काय करतोस ते सांग. मग यादीच निघाली. मान खाली, नजर बोटांवर, लोकांकडं बघायचंच नाही, पटापट वाजवून मोकळं व्हायचं, चुकलं की तोंड वाकडं करायचं, आणि सुरू करायच्या आधीच माइकवर "प्रॅक्टिस झाली नाही" म्हणून सांगून टाकायचं. मला विचाराल तर दुखणं इथंच आहे. भीती सगळ्यांनाच वाटते, पण तिच्यापासून वाचायला आपण ज्या युक्त्या करतो ना, त्याच तिला जिवंत ठेवतात.

म्हणजे बघा, लोक समोर दिसले की ॲड्रिनलिन वाढतं, छाती धडधडते, रक्त मोठ्या स्नायूंकडं जातं आणि बोटं गार पडतात. शरीराची पळायची नाहीतर भांडायची तयारी चाललेली असते आणि आपल्याला नेमकं त्याच वेळी बारीक बोटांचं काम करायचं असतं. यात दुबळेपणा काही नाही. पण हातांना पाठ झालेल्या गोष्टीवर नजर रोखून एकेक बोट तपासायला लागलं की हात अडखळतो, जिना उतरताना मध्येच आपल्या पावलांकडं लक्ष गेलं की पाय चुकतो तसं. त्यात धडधडीमुळं लय आपोआप वाढते, घरी आरामात जमणारी एफ त्या स्पीडला जमणार कशी?

माझं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्याला सांगितलं, गिटार घेऊन जिना पळत चढायचा आणि आल्या आल्या वाजवायला लागायचं. "मॅडम, जरा टेकू तर द्या की." नाही म्हटलं. दम लागलेला, बोटं थरथरतायत, घाम गळतोय, तशात वाजवायचं. पहिल्यांदा बेकारच वाजलं. पण थरथर असताना गाणं पुढं जाऊ शकतं हे हाताला कळायला लागलं, आणि ते नुसत्या समजुतीच्या गोष्टींनी कळत नाही. कधी वाजवायच्या आधी हात गार पाण्यात बुडवायला लावायचे, कधी मध्येच म्हणायचं, दुसऱ्या कडव्यापासून घे. बऱ्याच जणांना गाणं सुरुवातीपासूनच येतं, मध्ये तुटलं की परत पहिल्यापासून, म्हणून तुटलं तर पकडायच्या जागा ठरवून ठेवल्या.

आणि एक नियम पक्का: चुकलं तरी उजवा हात थांबवायचा नाही. डाव्या हातानं कॉर्ड नाही लागली तर तारांवर बोटं नुसती ठेवायची, आवाज दबका येईल, येऊ दे, ताल चालू पाहिजे. ऐकणाऱ्याला ताल तुटलेला लगेच कळतो, एखादी कॉर्ड गेलेली बहुतेकांना कळतही नाही.

हे त्याला पटत नव्हतं, "सगळ्यांना दिसतंय ओ मॅडम, हात कसा हलतोय ते." मग अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला २००० साली छापून आलेला एक प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा एका गायकाचा फोटो असलेला टीशर्ट घालून वर्गात पाठवलं आणि विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांचा अंदाज साधारण निम्म्यांचा, प्रत्यक्षात लक्षात आलं जवळपास पाव लोकांच्या. तरी याचं आपलं "ते टीशर्टचं झालं". शेवटी चुलतभावाला मोबाईलवर शूटिंग करायला सांगितलं आणि व्हिडिओ बघायच्या आधी हात किती हलताना दिसणार ते कागदावर लिहून घेतलं. दहापैकी नऊ लिहिलं पठ्ठ्यानं. मग बघितला, परत मागं घेऊन बघितला, आणि म्हणाला, "कुठाय?"

मग माणसं वाढवत नेली. आधी आजी, मग गच्चीवर मित्र, मग संध्याकाळी रंकाळा तलावावर कठड्याला बसून. तिथली गंमत म्हणजे लोक भेळ खात शेजारनं निघून जायचे आणि याला त्याचाच राग, "कुणी थांबलंच नाही मॅडम!" मी हसले. आदल्या महिन्यात कुणी बघू नये म्हणून रडणारा हाच पोरगा.

मध्येच एका मित्रानं गोळी दिली, "घे, हात हलत नाहीत." प्रोप्रॅनोलॉल होती. ही गोळी धडधड आणि थरथर कमी करते हे खरं, बाहेरच्या देशातले वादकही घेतात. पण याला लहानपणापासून दमा, आणि दमेकऱ्याला तिनं श्वासाचा गंभीर त्रास होऊ शकतो. घेतली नव्हती म्हणून बरं. मित्राच्या खिशातलं औषध घेऊ नका, डॉक्टरनं तुम्हाला तपासून दिलं तर गोष्ट वेगळी.

घरचे म्हणायचे शांत हो, शांत हो. धडधडणाऱ्या छातीला शांत हो म्हणून ती होत नाही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली दाखवलं की परफॉर्मन्सच्या आधी स्वतःला "मी एक्सायटेड आहे" म्हणणारे चांगलं गायले. आमच्या पोरानं त्याचं कोल्हापुरी करून घेतलं, "आता नाद खुळा होणार." चालतंय की.

टाळायचं मात्र नाही. बार्ब्रा स्ट्रायसँड एवढी मोठी गायिका, १९६७ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात गाण्याचे शब्द विसरली आणि त्यानंतर जवळपास २७ वर्षं तिकीट लावून होणाऱ्या कार्यक्रमांपासून लांब राहिली. टाळलं की त्या दिवशी हायसं वाटतं, आणि म्हणूनच पुढच्या वेळी भीती जास्त वाटते.

गणपतीत मंडळाच्या स्टेजवर वाजवलं त्यानं. हात थरथरले, एफ परत गेली, उजवा हात चालू राहिला. खाली उतरल्यावर मंडळाच्या पोरांनी विचारलं ते एवढंच, की अजून एक गाणं बसवलंय का. "प्रॅक्टिस झाली नाही" मात्र माइकवर बोललाच, ते काम अजून चालू आहे.

पण भीती फक्त स्टेजची नसेल, व्हायवा, अनोळखी माणसाचा फोन, कँटीनमध्ये चारचौघांत खाणं हे सगळंच टाळलं जात असेल आणि असं महिनोन् महिने चाललं असेल, तर ते एकट्यानं रेटू नका. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, परवडत नसेल तर सरकारी दवाखान्यात चौकशी करा, आणि कुठं जायचं तेच कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.