रिव्हरला चेक करून पैसे सोडू नकोस

भावा, काल गंगापूर रोडला आपल्या चिप्सच्या पोकर गेममध्ये तुझा तो हात बघितला आणि खरंच जीव हळहळला. तुझ्याकडे एक्का-राजा, टेबलावर राजा, नव्वी, सत्ती, तिर्री, दुर्री, फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) नाही स्ट्रेट (ओळीने पाच पानं) नाही, पॉट (मधे जमलेल्या चिप्स) 600 चा, समोरचा फ्लॉप-टर्न (टेबलावरची पहिली तीन पानं आणि चौथं पान) दोन्हीला नुसता कॉल करत (तू लावलेस तेवढेच टाकत) आलेला, रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानाला) त्याने चेक केलं (काही न लावता पुढे सोडलं) आणि तू पण चेक! का रे?

बेट लावायच्या आधी एकच विचार कर, माझ्यापेक्षा कमी पानं घेऊन कोण कॉल करेल? इथे राजा-राणी, राजा-गुलाम, राजा-दश्शी सगळे करतात, आपल्या ग्रुपमधले काही तर नव्वीच्या जोडीवर पण करतात. तुला हरवणारे म्हणजे दोन जोड्या, तीन सारखी नाहीतर हातात दोन एक्के, ते मोजकेच. शेवटचा चान्स तुझा असेल तेव्हा हिशोब सोपा, कॉल आल्यावर निम्म्याहून जास्त वेळा तू पुढे असशील तर बेट लावायचीच. 400 लावले, दहा कॉलमध्ये सात वेळा जिंकलास, तर चेकपेक्षा 1600 जास्त आले.

साइज समोरच्याला बघून ठरव. सगळं कॉल करणाऱ्याला मोठी लाव, त्याच्यावर ब्लफ मात्र अजिबात नको. घाबरट असेल तर 200 पुरे. आणि असा गप्प कॉल करणारा माणूस रिव्हरला अचानक रेझ करतो (तुझी बेट वाढवतो) ना, तेव्हा एक जोडी मुकाट्याने टाकून दे, तो बहुतेक वेळा खराच असतो.